टेपाचे दुसरे टोक



मजुरांच्या संघटनेत काम करणाऱ्या माणसांनी शाळेतल्या भूमितीवर काय म्हणून बोलावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. उत्तर सरळ आहे. जेथे मजुरी मापावर ठरते, तेथे ज्याला मोजता येत नाही त्याला समोरचा सांगेल तो आकडा मुकाट्याने घ्यावा लागतो.

खोदकामाचेच उदाहरण घेऊ. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १ फूट खोल खड्डा म्हणजे बरोबर एक ब्रास. आता माप घेणाऱ्याने लांबी, रुंदी, खोली या तिन्हींत दहावा हिस्सा कमी लिहिला, तर किती बुडाले? दहावा हिस्सा, असे मजूर म्हणेल. पण ९ गुणिले ९ गुणिले ०.९ म्हणजे ७२.९ घनफूट. शंभरातले सत्तावीस गेले!

घनफळाचे सूत्र शाळेत शिकवतात, मुले ते घडाघडा म्हणतातही. परंतु एक घनफूट माती म्हणजे किती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले नसते. एक फूट लांब, रुंद, उंच असे खोके करून त्यात मुलांना माती भरू द्या. पाच-दहा खोकी भरली की ब्रास म्हणजे काय, हे त्यांचे हातच सांगतील.

लहान मुलांनी वर्गाची लांबी पावलांनी मोजावी. एकाची वीस पावले भरतील, दुसऱ्याची चोवीस. मग भांडण होईल. ते होऊ द्यावे. सर्वांचे माप एकच हवे, हे त्यांना आपोआप पटेल. तेव्हा मीटरपट्टी हाती द्यावी. गावोगावचे शेर-मण निराळे होते, म्हणूनच आपल्या देशाने १९५६ साली कायदा करून मेट्रिक मापे आणली. तरी व्यवहारात गुंठा आणि ब्रास बोलले जातातच. मुलांना दोन्ही भाषा यायला हव्यात.

मोठ्या मुलांनी पटांगणावर चुन्याने ३३ फूट बाजूचा चौरस आखावा. तो झाला गुंठा. असे ४० म्हणजे एक एकर. कोपरा काटकोनात कसा आणायचा, ते एखाद्या गवंड्याला विचारा. एका बाजूवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर. दोन्ही खुणांमधले अंतर ५ फूट भरले की कोपरा गुण्यात आला. यज्ञवेदी आखण्यासाठी शुल्बसूत्रांनी हेच तत्त्व दोरीने सांगितले. गवंडी आजही दोरीच धरतो.

अभ्यासक्रम कधी पुरा व्हायचा, असे शिक्षक विचारतील. आमचे म्हणणे एवढेच : आठवड्यातून एक दुपार द्या. प्रत्येक शाळेत एक टेप, एक दोरी, एक तराजू असू द्या आणि ती कपाटात कुलूपबंद ठेवू नका. टेपाचे एक टोक मोजणाऱ्याच्या हाती असतेच. दुसरे टोक धरून आकडा स्वतः वाचणारी मुले आम्हांला हवी आहेत.