नव्या रंगाची घिसाई आणि पॉलिश



मोटारीच्या बॉनेटवर नवा रंग चढला, वाळला, आणि उजेडात तिरकी नजर टाकताच त्यावर संत्र्याच्या सालीसारखी खडबड, चिकटून बसलेले धुळीचे कण किंवा एखादा ओघळ दिसू लागला, म्हणजे मालक खट्टू होतो. परंतु हे दोष किरकोळ असतील तर सगळे रंगकाम पुन्हा करण्याचे कारण नाही. वॉटर पेपरची, म्हणजे पाणी लावून वापरायच्या घासकागदाची, घिसाई आणि त्यानंतरचे पॉलिश एवढ्याने ते निघतात. मात्र या कामात आपण रंगावर काही चढवीत नसून त्यातले उतरवीत असतो, आणि एकदा उतरलेले पुन्हा बसत नाही, हे करणाऱ्याने मनाशी पक्के धरले पाहिजे.

आजच्या बहुतेक गाड्यांना रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारणतः ४० ते ६० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास. आणि अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारा तो हाच. चकाकीच्या हव्यासाने ज्याने तो निम्मा घासून टाकला, त्याची गाडी गॅरेजातून देखणी निघेल खरी, पण आपल्याकडील काही उन्हाळे सोसताच तिचे पापुद्रे सुटू लागतील.

पहिला प्रश्न मुदतीचा. रंग हाताला कोरडा लागला म्हणजे तो पक्का झाला असे नव्हे. आतले थिनर उडून जाण्यास आणि हार्डनरचा अंमल पूर्ण होण्यास अवधी लागतो. भट्टीत सुमारे ६० अंश सेल्सिअसवर भाजलेला पत्रा पूर्ण थंड होऊ द्यावा, हवेवर वाळलेल्याला निदान एक दिवस, थंडीत त्याहून अधिक द्यावा, आणि डब्यावर लिहिलेली मुदत प्रमाण मानावी. घाई केल्यास कागदात रंगाचे गोळे अडकतात, आणि आज लखलखीत दिसणाऱ्या पृष्ठभागावर काही दिवसांनी, थर आकसताच, ओरखडे पुन्हा उमटतात.

पाणी कशासाठी, तर ते सुटलेला कचरा वाहून नेते, घर्षणाची उष्णता शमवते आणि धूळ उडू देत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा मायनिंग कंपनीने फ्रान्सिस ओकी यांनी शोधलेला, पाण्यात न विरणारा घासकागद १९२१ साली बाजारात आणला, तेव्हा कामगारांच्या फुप्फुसांत जाणाऱ्या धुळीला आळा बसला, हा त्याचा मोठाच उपकार.

कागद आधी पाण्यात मुरवावा, पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा थेंब टाकावा, कागद रबरी ठोकळ्यावर गुंडाळावा आणि १५०० नंबरपासून हलक्या हाताने आरंभ करावा. कडा व घड्या यांवर रंग सर्वांत पातळ असतो, म्हणून त्यांवर आधीच मास्किंग टेप लावावी. ओल्या पृष्ठभागावर सगळेच गुळगुळीत भासते, यासाठी दर काही हातांनंतर पाणी रबरी पट्टीने निपटून पाहावे: घासलेला भाग मंद दिसतो, खोलगट जागी चकचकीत ठिपके उरतात. ठिपके विरले की त्या नंबरचे काम संपले. क्लिअरचे पाणी पांढरट निघते. त्यात गाडीचा रंग उतरू लागला की थर फुटला, आता थांबावे. पुढे २००० आणि ३००० नंबर, दर वेळी पत्रा स्वच्छ धुऊन आणि घासण्याची दिशा बदलून वापरावेत, म्हणजे मागचे ओरखडे गेले की नाही याची खातरजमा होते.

मग बफिंग मशीन. कंपाउंड थोडे घ्यावे, एका वेळी हातभर चौरस भागच धरावा, वेग मध्यम ठेवावा आणि मशीन एका जागी थांबवू नये. तळहात टेकवत नाही इतका पत्रा तापला की काम रोखावे. प्लॅस्टिकचा बंपर तर उष्णता वाहून नेत नसल्याने फार लवकर तापतो. पत्र्याच्या कडेशी चाक आतून बाहेर फिरेल अशी तजवीज करावी. शेवटी मऊ फोम पॅडने बारीक पॉलिश करावे.

गाडी घरी आणल्यावर बहुधा एक ते तीन महिने, कंपनीने सांगितलेली मुदत संपेपर्यंत, वॅक्स लावू नये. थरात उरलेल्या थिनरला बाहेर पडू द्यावे. आणि गॅरेजवाल्याकडे दोन दिवस आधी गाडी देण्याचा आग्रह धरू नये. त्याने एखादा बारीक खळगा जाणून राखला असेल, तर त्याला बोल लावू नका. तुमच्या रंगाचे आयुष्य त्याने त्यामुळे वाचवले आहे.