टाकीखालचा आधार

कारखान्यातील धोका म्हटला की विषारी रसायन, धगधगती भट्टी किंवा वेगाने फिरणारे चाक डोळ्यांसमोर उभे राहते. तथापि ज्या साध्या भागांनी ही सारी सामग्री तोलून धरलेली असते, त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दिल्लीतील एक घटना या दृष्टीने मननीय आहे.

४ डिसेंबर १९८५ रोजी, भोपाळच्या दुर्घटनेस जेमतेम वर्ष लोटले असताना, श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ओलियमची गळती झाली. ओलियम म्हणजे सल्फर ट्रायऑक्साइड विरघळलेले तीव्र गंधकाम्ल. दमट हवेत त्याचे आम्लयुक्त धुके बनते आणि ते श्वसनमार्गाचा दाह करते. ही गळती कशामुळे झाली? टाकी ज्या सांगाड्यावर बसविली होती तो कोसळला आणि टाकी फुटली. दोनच दिवसांनी एका नळाच्या सांध्यांतून पुन्हा थोडी गळती झाली. कारखान्याभोवती ३ किलोमीटरच्या परिसरात सुमारे २ लाख लोक राहत होते.

एक सांगाडा आणि एक सांधा! म्हणून तपासणीचा आरंभ येथूनच व्हावयास हवा. रंगाखाली चढलेला गंज, खचलेला पाया, सैल झालेला बोल्ट, सांध्यापाशी दिसणारा ओलावा, यंत्रावरून काढून ठेवलेले संरक्षक आवरण : या खुणा अपघातापूर्वीच दिसू लागतात आणि त्या प्रथम दिसतात त्या पाळीवरील कामगाराला. प्रश्न इतकाच, की त्याने सांगितलेले कोण ऐकणार?

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९८६ मध्ये क्लोरीन विभाग चालू करण्यास अनुमती देताना, प्रत्येक सुरक्षा-साधनासाठी एक कर्मचारी व्यक्तिशः जबाबदार असावा आणि क्लोरीनचे परिणाम व तातडीचे उपचार सांगणारे तक्ते हिंदी व इंग्रजीत लावावेत, अशा अटी घातल्या. २० डिसेंबर १९८६ च्या निकालात, धोकादायक उद्योगातून हानी झाल्यास त्या उद्योगाचे दायित्व निरपवाद राहील, असे तत्त्व न्यायालयाने मांडले. १९८७ साली कारखाने अधिनियमात सुधारणा होऊन धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांची संयुक्त सुरक्षा समिती आली. संभाव्य संकटाची सूचना देण्याचा कामगाराचा हक्कही मान्य झाला.

परंतु कायदा नुकसानभरपाई देववू शकतो. गंजलेला खांब तो पाहू शकत नाही. तो पाहणारे डोळे कारखान्यातच असतात. त्यांनी दिलेली सूचना त्याच दिवशी नोंदली जावी आणि दोष दूर होईपर्यंत काम थांबावे, यातच अपघाताचे खरे निवारण आहे.