तीन झोपड्या



मागच्या हिवाळ्यात आमच्या मालेगावात एका कॉलेजात काव्यवाचन होते. मी मोसम नदीवरची एक कविता वाचली. कार्यक्रम संपल्यावर एक मुलगा माझ्यामागोमाग फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "सर, नदीसाठी रडता ते ठीक आहे. पण ती कशाने मेली हे सांगायला का कचरता? कारखाने, वीज, हे सगळं बंद पडलं पाहिजे. नाही पडलं तर पाडलं पाहिजे." मग त्याने पिशवीतून कागदांची चळत काढून माझ्या हाती दिली. रात्री घरी येऊन पाहिले, तर तो अमेरिकेतल्या थिओडोर काझिन्स्की याचा जाहीरनामा होता.

फाटकापाशी मला उत्तर सुचले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

हा काझिन्स्की गणिती. सोळाव्या वर्षी हार्वर्डला गेला, पुढे बर्कलीच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि १९६९ साली नोकरी सोडून निघाला. १९७१ पासून तो मोंटाना राज्यातल्या जंगलात दहा फूट बाय बारा फुटांच्या लाकडी खोपटात राहू लागला. वीज नाही, नळ नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की औद्योगिक क्रांती हे माणसावरचे अरिष्ट आहे. यंत्र माणसासाठी उरत नाही, माणसाला यंत्राच्या मापाने कापले जाते. यातले चांगले ठेवू आणि वाईट टाकू, असे करता येत नाही. म्हणून सगळा डोलाराच कोसळवला पाहिजे.

खरे सांगतो, काही पाने वाचताना मान हलली. मी विणकरांच्या घरातला. आमच्या गावात यंत्रमागांचा आवाज असा रात्रंदिवस चालतो, की लाइट गेली आणि माग थांबले की तान्ही पोरे दचकून उठतात. शांततेने झोपमोड होणाऱ्या गावाला यंत्राने काय केले, हे अमेरिकेतून कुणी सांगायला नको. सायझिंगच्या चिमण्यांचा धूर आम्ही गिळला आहे. मोसमचे पाणी कसे होते आणि कसे झाले, हे आम्ही पाहिले आहे. त्या मुलाचे दुःख खोटे नव्हते.

काझिन्स्कीचेही दुःख खोटे नसावे. त्याची एक आवडती जागा होती, डोंगरातले एक पठार. १९८३च्या उन्हाळ्यात तो तिथे गेला तर मधोमध रस्ता काढलेला. त्यानंतर आपण सूडाकडे वळलो, असे त्याने तुरुंगातून दिलेल्या मुलाखतीत सांगितले. पण श्रोतेहो, त्याचा पहिला बॉम्ब १९७८चा. रस्ता दिसण्याआधी पाच वर्षे त्याची पाकिटे निघाली होती.

१९७८ ते १९९५ या काळात त्याने सोळा बॉम्ब पाठवले किंवा ठेवले. तीन माणसे मेली, तेवीस जखमी झाली. पहिला मेला तो संगणक भाड्याने देणारा एक दुकानदार. दुकानामागे खिळे मारलेला लाकडाचा तुकडा पडला होता, कुणाला लागू नये म्हणून बाजूला करायला तो वाकला. शेवटचा मेला तो कॅलिफोर्नियातल्या एका वनउद्योग संघटनेचा अध्यक्ष. त्या पार्सलवर त्याचे नावही नव्हते, त्याच्या आधीच्या अध्यक्षाचे होते. आणि ही पार्सले कुणी पोचवली? ज्या व्यवस्थेला तो मोडायला निघाला होता, तिच्याच टपालखात्याने.

आमच्या गावाने २००६ साली शब-ए-बरातच्या दिवशी स्फोट पाहिला आणि २००८ साली रमजानमध्ये पुन्हा पाहिला. त्यामुळे कुणी 'काहीतरी मोठे घडवण्यासाठी थोडा रक्तपात' म्हणू लागले की आम्हाला सिद्धांत दिसत नाही. रस्त्यावर सुटून पडलेल्या चपला दिसतात. बॉम्ब ठेवणाऱ्याचे कारण कोणते, हे त्या चपलांना माहीत नसते.

काझिन्स्कीला पोलिसांनी १९९६ साली पकडले, तेही त्याच्या भावाने लिखाणाची धाटणी ओळखली म्हणून. सरकारने भावाला दहा लाख डॉलरचे इनाम दिले. खर्च वजा जाता ते त्याने बळी पडलेल्यांच्या कुटुंबांना देऊन टाकले. काझिन्स्की २०२३ साली कैदेतच वारला. ही पहिली झोपडी.

दुसरी झोपडी नॉर्वेतली. आर्ने नेस नावाचे तत्त्वज्ञ होते, १९१२ ते २००९ हा त्यांचा काळ. सत्ताविसाव्या वर्षी ऑस्लोला प्राध्यापक झालेले आणि अव्वल गिर्यारोहक. त्यांनी डोंगरावर, झाडेही जिथे उगवत नाहीत अशा उंचीवर, एक लाकडी झोपडी बांधली आणि आयुष्याची कित्येक वर्षे तिथे काढली. निसर्ग माणसाच्या उपयोगाचा आहे म्हणून वाचवायचा, हा विचार उथळ. प्रत्येक जिवाला स्वतःचे मोल आहे, हा विचार खोल. 'डीप इकॉलॉजी' हा त्यांचा शब्द १९७३ साली छापून आला, आणि जगभरच्या कडव्या पर्यावरणवाद्यांनी तो उचलला.

या नेस यांनी गांधीजींवर पुस्तके लिहिली आहेत. १९७० साली नॉर्वेत मार्डोला धबधब्याचे पाणी विजेसाठी वळवायचे ठरले, तेव्हा ते शेकडो लोकांबरोबर जाऊन बसले. पोलिसांनी एकेकाला उचलून नेले, त्यांनाही नेले. कुणी पोलिसांवर हात टाकला नाही. प्रकल्प झाला, धबधबा आटला. आता उन्हाळ्यात काही आठवडे पाहुण्यांसाठी पाणी सोडतात. म्हणजे नेस हरले. पण त्यांच्या हरण्याने कुणाच्या घरी मातम झाला नाही, आणि नॉर्वेत पर्यावरणाचा प्रश्न त्यानंतर कुणाला बाजूला सारता आला नाही.

तिसरी झोपडी आपल्याच महाराष्ट्रातली, वर्ध्याजवळ सेवाग्रामला. माती, बांबू, कौले. मीराबहेन यांनी ती स्वतःसाठी उभारली होती, पुढे गांधीजी तिच्यात राहायला गेले. यंत्रसंस्कृतीला याच माणसाने १९०९ साली साफ नाकारले होते. लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना 'किल्डोनन कॅसल' या बोटीवर त्यांनी 'हिंद स्वराज' लिहिले. उजवा हात दुखला की डाव्या हाताने लिहीत. रेल्वे, वकील, डॉक्टर, गिरण्या, कुणालाच त्यात सोडलेले नाही. गोखल्यांनाही ते पुस्तक कच्चे वाटले होते.

मग १९२४चा जानेवारी आला. गांधीजी येरवड्याला कैदेत होते. अपेंडिक्सचे दुखणे उसळले आणि त्यांना पुण्याच्या ससून इस्पितळात आणले. कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने १२ जानेवारीला रात्री शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात झाले.

हा प्रसंग सांगून काही लोक हसतात, की पाहा, वेळ आली तेव्हा डॉक्टरच लागला. मला हसू येत नाही. ज्याने इस्पितळांवर कोरडे ओढले, तो इस्पितळातल्या टेबलावर झोपला आणि ही विसंगती त्याने झाकली नाही. त्याआधी १९२१ सालीच 'यंग इंडिया'त त्यांनी लिहिले होते, की रेल्वे किंवा इस्पितळे पाडणे हा आपला उद्देश नाही. हिंद स्वराजातल्या स्वराज्यासाठी आपण स्वतःपुरते झटतो आहोत. यातला 'स्वतःपुरते' हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नकाराचा प्रयोग पहिल्यांदा कुणाच्या अंगावर करायचा, याचे उत्तर त्यात आहे.

हे मला पुस्तकातून नाही, अब्बांकडून कळले. तरुणपणी मी एक कविता लिहिली होती. तिच्यात आजोबांच्या हातमागाचे गुणगान होते आणि यंत्रमागाला शिव्याशाप. मोठ्या हौसेने अब्बांना वाचून दाखवली, जरा ओरडूनच, कारण लूमवर चाळीस वर्षे काढून त्यांचे कान गेले होते. ते ऐकून गप्प राहिले. मग आमच्या घरच्या उर्दूत म्हणाले, मी मराठीत सांगतो: "हातमाग फार छान आला आहे. पण त्या ओल्या खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्या माझ्या बापाचे गुडघे कुठे आहेत तुझ्या कवितेत? त्यांचे गुडघे गेले, माझे कान गेले. तुझी बीएची फी या लूमने भरली. आता तू लूम बंद कर म्हणतोस. कर. पण तुझं काय जाणार, तेवढं आधी सांग."

ती कविता मी छापली नाही. अब्बा आज हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजूनही माझ्याकडे नाही. याचा अर्थ जे चालले आहे ते चालू द्यावे, असा मुळीच नाही. अब्बाही तसे म्हणत नव्हते. धूर थांबलाच पाहिजे, नदीत जाणारे पाणी स्वच्छ झालेच पाहिजे, आणि ते मागण्यासाठी रस्त्यावर बसावे लागले तर बसले पाहिजे. पण संपूर्ण संस्कृती पाडा म्हणणाऱ्याने पहिला ढिगारा कुणाच्या डोक्यावर पडेल ते पाहावे. तो गिरणीमालकावर पडत नाही. बारा तासांची पाळी करणाऱ्यावर पडतो, सलाइन लावलेल्या म्हातारीवर पडतो, काचेच्या पेटीत ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळावर पडतो.

तीनही झोपड्यांत राहणाऱ्यांनी या संस्कृतीकडे पाठ फिरवली होती. एकाने त्याची किंमत अनोळखी माणसांकडून वसूल केली. दोघांनी ती स्वतः मोजली, आणि जिथे पुरी मोजता आली नाही तिथे तसे दिसू दिले. त्या मुलाने मला विचारले होते, तुम्ही कचरता का? बाबा रे, मी कचरतो ते माझ्या वाट्याची किंमत मोजायला, आणि ती लाज मला वाटतेच. दुसऱ्याच्या वाट्याची किंमत ठरवायला मात्र मी कचरतो याची लाज वाटत नाही.

तो मुलगा त्यानंतर भेटला नाही. ऐकत असेल तर त्याने जरूर घरी यावे. त्याचे कागद मी जपून ठेवले आहेत. चहा घेऊ, मग एका रात्रपाळीला माझ्या चुलतभावाच्या लूमवर जाऊन बसू आणि पहाटे मोसमच्या काठाने परत येऊ. काय बंद करायचे आणि कुणी काय सोडायचे, त्याची यादी तिथे बसून करू. पहिले नाव माझे घालू, दुसरे त्याचे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)