कामगार-पुढाऱ्याचे प्राण आणि सरकार



श्रमिकांची संघटना बांधणाऱ्या माणसाचे प्राण सरकारने राखावेत, आणि ते गेलेच तर न्याय मिळवून द्यावा, हा आजचा विषय. आपल्या किनाऱ्याला तो परका नाही. अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांची जमीन कसली नाही. उपासमार सोसली, पण एकी मोडली नाही. पुढे १९८४ च्या जानेवारीत, १६ व १७ तारखेला, उरण तालुक्यात जमिनीचा रास्त मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांच्या गोळ्या चालल्या आणि पाच माणसे गेली.

बरोबर तेरा वर्षांनी, १६ जानेवारी १९९७ रोजी, पवईत डॉ. दत्ता सामंत यांना भर रस्त्यात गोळ्या घालण्यात आल्या. १९८२ चा गिरणी संप त्यांनी चालवला होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि गिरणीच्या मनीऑर्डरीवर कोकणातल्या कितीतरी चुली पेटत. संपाविषयी मते भिन्न असतील. खुनाविषयी दोन मते असू नयेत.

न्यायाचे काय झाले? स्थानिक आरोपींचा खटला आधी निकाली निघाला. छोटा राजन याच्यावर कटाचा आरोप होता. त्याचा खटला जुलै २०२३ मध्ये, साडेसव्वीस वर्षांनी संपला आणि पुराव्याअभावी तो निर्दोष सुटला. न्यायालय पुराव्यावरच निकाल देणार. त्याला आम्ही दोष देत नाही. परंतु खुनामागचा सूत्रधार कोण, याचे उत्तर त्या निकालातून मिळाले नाही. एवढ्या वर्षांत साक्षीदार म्हातारे होतात, काही मरतात, काही भितात.

कायद्याने काहीच केले नाही असे नव्हे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने संप करणाऱ्या पुढाऱ्याला फौजदारी कटाच्या आरोपापासून संरक्षण दिले. ते आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत आले आहे. पण हे कवच कोर्टातले. कारखान्याच्या फाटकाबाहेर अंधारात टपलेल्या माणसापुढे ते चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजना मान्य करून देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे साक्षीदाराने अर्ज करावा; धोका किती, याचा अहवाल पोलिसांनी कामाच्या पाच दिवसांत द्यावा. त्यावरून पहारा, बंद दाराआड साक्ष, वेळ पडल्यास दुसऱ्या गावी बिऱ्हाड, अशी सोय होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने प्रत्येक राज्याला अशी योजना करणे भाग पाडले आहे. मात्र हिचा रोख मुख्यतः खटल्यातील साक्षीवर आहे. ज्याला आज धमकी आली, त्या पुढाऱ्याने कोठे जावे?

दक्षिण अमेरिकेतील कोलंबियात कामगार-पुढारी शेकड्यांनी मारले गेले. तेथे सरकार, मालक व संघटना यांनी २००६ मध्ये जिनिव्हात करार केला. अशा खुनांसाठी स्वतंत्र सरकारी वकील नेमले गेले, धोक्यातील पुढाऱ्यांना अंगरक्षक मिळाले. खून अद्याप थांबलेले नाहीत. पण अनेक खटल्यांत शिक्षा झाल्या.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. धमकीची तक्रार करणाऱ्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यालाही पाच दिवसांत लेखी उत्तर मिळावे. संरक्षण नाकारले तर कारण द्यावे, आणि त्यावर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता यावी. खुनाचा तपास सुपारी देणाऱ्यापर्यंत न्यावा. पोलिसांच्याच गोळीने माणूस गेला, तर तपास त्याच पोलिसांकडे नसावा.

उरलेले काम आपले आहे. भरबाजारात घडलेले सर्वांनी पाहिलेले असते, आणि पंचनाम्याच्या वेळी कोणीच पाहिलेले नसते. सरकार पहारा देईल, पण साक्ष नागरिकालाच द्यावी लागेल. रोहा, नागोठणे, तळोजा येथील कारखान्यांत आपलीच मुले कामाला जातात. त्यांच्या वतीने बोलणारा माणूस संध्याकाळी सुखरूप घरी यावा, याची काळजी सरकारइतकीच आपणही वाहावी, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.