हातकाम कशाला म्हणायचं?

कपड्याच्या दुकानात भरतकामाची किंमत दोन शब्दांवर ठरते: हँडवर्क आणि मशीनवर्क. पहिला शब्द विक्रेता जरा आवाज चढवून उच्चारतो. दुसरा गिऱ्हाइकाने खोदून विचारला तरच बाहेर येतो. माझं म्हणणं असं, की ही रेघ चुकीच्या जागी ओढलेली आहे. सुई कशाने हलते, याला फारसं महत्त्व नाही. सुई कुठे वळायची हे त्या क्षणी कोण ठरवतं, ते पाहायला हवं.

चांभाराची आरी आपल्याला ठाऊक आहे. कच्छच्या मोची कारागिरांनी कातड्यावरची ही आकडेदार आरी कापडावर आणली आणि साखळीटाक्याचं नाजूक भरतकाम केलं. अशाच आकड्याने फ्रान्समध्येही चौकटीवर ताणलेल्या कापडावर भरतकाम चाले. तेच पाहून थिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्याने शिलाईचं यंत्र रचलं आणि 1830 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी पोटावर पाय येईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याची यंत्रं फोडली. मग 1865 मध्ये बोनाझ या दुसऱ्या फ्रेंच माणसाने खास भरतकामाचं यंत्र केलं, आणि ते ‘कॉर्नेली’ या नावाने जगभर पसरलं. या यंत्राची सुई म्हणजे आरीच: टोकाला आकडा, आणि दोरा कापडाच्या खालून वर ओढायचा. टेबलाखाली एक मूठ असते. ती फिरेल तशी टाक्याची दिशा फिरते. कारागिराचा एक हात त्या मुठीवर, दुसरा कापडावर. वेलीचं वळण मुठीवरचं मनगट काढतं. पाय किंवा मोटर फक्त वेग देते.

याच यंत्रावर दोरी, गोफ, फितही बसवता येते, आणि हाताची खरी परीक्षा तिथेच होते. साटीनची फीत सरळ रेषेत गुमान बसते, पण वळणावर तिची बाहेरची कड आखूड पडते आणि आतली जास्तीची कड फुगते. ती फूग चुणीत लपवायची, कोपरा दुमडायचा, की फीत सोडून गोल दोरी घ्यायची, हे यंत्र सांगत नाही. शिवाय साटीनवर पडलेलं सुईचं भोक सहसा बुजत नाही. उसवून पुन्हा शिवावं, तर चुकीची खूण तिथेच राहते. घरच्या साध्या मशीनवर जाड जरीचा दोरा सुईच्या नेढ्यात झिजून तुटतो, म्हणून जाणकार बाई तो बॉबिनवर भरते, ताण सैल करते आणि कापड पालथं घालून शिवते. नक्षी खाली उमटत असते, आणि डोळ्यांना दिसते फक्त उलटी बाजू!

यावर कोणी म्हणेल, कापड उलटून पाहिलं की हातकाम ओळखू येतंच. साखळीटाक्याच्या बाबतीत ही खात्री धरू नये. आरी हातात असो वा यंत्रात, वर साखळी आणि खाली साधी ओळच दिसते. शेवटचा फास नीट अडकवला नाही, तर दोन्ही सारखेच सरसर उसवतात. यंत्रामुळे हातकारागिराची मजुरी घसरते, हा आक्षेप मात्र जड आहे, आणि तो मी झटकून टाकणार नाही. त्याच्या कामाला लागणारे तास यंत्राच्या मिनिटांशी झुंजू शकत नाहीत. पण म्हणून मशीनवाल्याच्या कसबाला कसबच न म्हणणं, हा त्यावरचा उपाय नव्हे. अशाने पडेल दराचे कारागीर एकाऐवजी दोन होतात.

राहिलं संगणकावर चालणारं भरतकाम. तिथेही टाक्यांची दाटी आणि दिशा कोणीतरी आखतंच, पण एकदाच. नंतर शंभर पदरांवर तेच फूल निघतं. ती आखणी करणाऱ्याचं श्रेय मान्य, तरी शंभराव्या पदराला हातकामाचा भाव लावू नये. पण मुठीवर हात ठेवून काढलेल्या वेलीला आणि या फुलाला दुकानदार एकच ‘मशीनवर्क’ची चिठ्ठी डकवतो, तेव्हा गिऱ्हाइकाने एवढं तरी विचारावं: कुठलं मशीन?