मजुरी संपल्यावर मागे काय उरते?



पाऊस कमी म्हणून आपण गरीब, असे आपल्याला कायम सांगितले जाते. मग कोकणातल्या महाड-पोलादपूरकडे पाहा. तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरवर पाऊस कोसळतो, आपल्या कपाशी-ज्वारीच्या शिवाराच्या तीन-चार पट. तरी उन्हाळ्यात वाड्यांवर टँकर जातो आणि कर्ती माणसे मुंबईची वाट धरतात. उतारावर पाणी थांबत नाही, आणि वरकसावरच्या नाचणी-वरीवर घर चालत नाही.

गरिबी हटवण्याच्या योजना पुष्कळ झाल्या. त्यांत अस्सल आपली एक, रोजगार हमी. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ साली कायदा झाला. मागेल त्याला काम ही मेहेरबानी राहिली नाही, हक्क झाला. २००५ साली केंद्राने देशासाठी कायदा केला, तो याच वाटेने.

पण खडी फोडून आलेली मजुरी खाऊन संपते. मागे रस्ता उरतो, तोही पुढच्या पावसात वाहून जातो. १९९० साली फळबाग लागवड हमीला जोडली गेली आणि यात फरक पडला. शेतकऱ्याने आपल्याच वरकसावर खड्डे खणायचे, आंबा-काजूची कलमे लावायची, मजुरी हमीच्या पैशातून घ्यायची. झाड जगले की ते त्याचेच. कोकणातल्या कितीतरी उजाड उतारांवर अशा बागा उभ्या राहिल्या.

सगळ्यांचे भले झाले का? नाही. ज्याला जमीनच नाही, त्याला झाड कुठले? सातबारावर दहा नावे, निम्मी मुंबईत, तिथे संमतीच्या सह्या मिळत नाहीत. चैत्र-वैशाखात रोपाला पाणी नाही. आणि झाड धरले तरी काजू बीचा भाव परदेशातून येणाऱ्या मालावर ठरतो. कापसाचे दुखणे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

म्हणून काम मागाल तेव्हा लेखी मागा, तारखेची पोच घ्या. कोणते काम, हे ग्रामसभेत आपण ठरवू: बांधबंदिस्ती, शेततळे, विहीर. भूमिहीनाला गायरानातल्या झाडांच्या उत्पन्नात वाटा मागू. आणि पिकाच्या भावाची मागणी सोडणार नाही. हमीची मजुरी उन्हाळा काढून देते, कर्ज फेडायला घामाचे दामच लागतात.