अत्त आणि अनत्त : कोणता ‘मी’ सोडायचा?



धम्मवर्गात एक प्रश्न हमखास येतो. भगवान बुद्धांनी आत्मा नाकारला. मग त्यांनीच आयुष्याच्या अखेरीस आनंदाला ‘अत्तदीप’ होण्यास का सांगितले? धम्मपदाच्या बाराव्या वग्गाचे नाव तर ‘अत्तवग्ग’च आहे. जे नाकारले, त्यावर अख्खा वग्ग कसा?

पालीत ‘अत्त’ हा शब्द दोन कामे करतो. एक अर्थ देहात बसलेला, कधी न बदलणारा आत्मा. दुसरा अर्थ साधा, रोजच्या बोलण्यातला ‘स्वतः’. (‘दीप’ म्हणजे दिवा की बेट, यावर पंडित वाद घालतात, आपल्याला दोन्ही चालतील.) नकार आहे तो पहिल्या अर्थाला. सारनाथला पंचवर्गीय भिक्खूंपुढे तथागतांनी रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे पाचही स्कंध तपासले. यांतले एकही टिकत नाही, आपल्या हुकमात राहत नाही. मग त्याला ‘हा माझा आत्मा’ कशाच्या आधारे म्हणायचे?

‘मिलिंदपञ्हा’त यवन राजा मिलिंद भदंत नागसेनांना भेटतो, तो रथाचा दृष्टांत आपणांस ठाऊक आहे. आस म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही नव्हे. पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि ‘म्हणजे काहीच नाही’ असे सांगत सुटतात. अहो, पण राजा रथात बसूनच आला होता ना! सारे भाग नीट जुळले म्हणजे रथ चालतो. चाक मोडले तर बदलता येते.

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘तुम्ही कोणीच नाही’ असे ऐकवले गेले, त्यांना अनात्मवाद फार जपून सांगावा लागतो. माझ्या मते तो आपल्याच बाजूचा आहे. ‘पूर्वजन्मीच्या पापामुळे तू हीन’ हा शिक्का मारायला जन्मोजन्मी तोच राहणारा आत्मा लागतो. तो आत्माच नसेल, तर शिक्का मारणार कशावर? १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न मुद्दाम उभा केला, तो उगाच नव्हे. मात्र हीनतेचा शिक्का पुसला तसा मोठेपणाचाही पुसावा लागतो. दोन खोल्यांतून बंगल्यात गेलेले आपले काही ‘साहेब’ तेवढे विसरतात.

विद्यार्थी मित्रहो, ‘मी नापास झालो’ आणि ‘मी नापासच आहे’ ही दोन वाक्ये सारखी नाहीत. पहिल्यात एक घटना आहे. तिला कारणे आहेत : अभ्यास कमी पडला असेल, घरात बसायला कोपरा नसेल, शिकवणी परवडली नसेल. कारण बदलले की परिणाम बदलतो. प्रतीत्यसमुत्पाद तो हाच. दुसऱ्या वाक्यात निकालपत्राचाच आत्मा करून टाकला आहे, आणि तेच वाक्य पोरांचा जीव घेते. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते कोणाजवळ तरी बोला, डॉक्टरांकडे जा. त्यात कमीपणा नाही. आणि पालकांनो, ‘तू असाच’ हे शब्द घरातून हद्दपार करा.

कोलिय कुळातील दीघजाणूने बुद्धांना विचारले होते, आम्ही संसारी माणसे, आमचे याच जन्मी भले कशाने होईल? तथागतांनी चार गोष्टी सांगितल्या : उद्योग, कमावलेल्याची राखण, कल्याणमित्रांची संगत आणि मिळकतीच्या मानाने खर्च. यात आत्म्याचे नावही नाही. उतू जाणाऱ्या खर्चाला दिलेली उपमा तर आपल्या गावची वाटावी : उंबरे खाण्यासाठी सगळे झाडच हलवणारा माणूस. खातो चार, खाली सडा पडतो. लग्नसराई जवळ आली आहे, म्हणून एवढे बोललो.

आता मुलांचे प्रश्न घेऊ.